मासळीची गाडी

जुनी गाडी घ्यायची असली की लोक आधी इंजिन ऐकतात, टायर बघतात, फार तर खाली वाकून सायलेन्सरला हात लावतात. आमचे अब्बा जीभ लावतात. पिकअपच्या हौद्याचा मागचा फाळका उघडायचा, त्याच्या बिजागरीच्या फटीत बोट घालायचं आणि ते बोट चाटायचं. खारट लागलं तर गाडी मासळीची. मासळीच्या पेट्यांतलं बर्फाचं खारं पाणी दोन-तीन वर्षं पत्र्याच्या सांध्यात झिरपलं, की वरून कितीही धुवा, कितीही रंग फासा, मीठ आत बसून पत्रा खातच राहतं. अशी गाडी घाट चढवून कोल्हापूरला नेली, की तिथला व्यापारी एकच शब्द विचारतो, "मासळी?" तुम्ही हो म्हणालात, की किंमत दीड लाखाने खाली. म्हणून आमच्या किनाऱ्यावर कुणाचीच गाडी मासळीची नसते. विचारा कुणालाही. सगळ्या आंब्याच्या.

मी रहिमा, फोंडाघाटच्या सिराज मुकादमांची मुलगी. बाजारपेठ संपून घाटाचा रस्ता सुरू होतो तिथे आमचं जुन्या पिकअपचं आवार आहे. मार्चपासून गाड्या आंबा बागायतदारांना हंगामाच्या भाड्याने द्यायच्या आणि पावसाच्या आधी विकून मोकळं व्हायचं, हा अब्बांचा चाळीस वर्षांचा धंदा. त्यातली सात वर्षं माझी. म्हणजे कागद माझे. नावावर करणं, विमा, ऑफिसातल्या खिडक्यांपुढे उभं राहणं, सगळं माझं. गाडी घ्यायची कुठली आणि विकायची कितीला, हे मात्र अब्बा ठरवणार. मला कुणी विचारायचं नाही.

या मे महिन्यात माझ्या भावाने, अतहरने, रत्नागिरीत बसून आवाराच्या जागेला गिऱ्हाईक शोधलं. त्या माणसाला तिथे लॉज बांधायचं होतं. अब्बांचे गुडघे दुखतात, गाडीखाली शिरवत नाही, तेव्हा आता पुरे, असं बाप-लेकाचं फोनवर ठरलंसुद्धा. उरलेल्या गाड्या अब्बांनी एकेक करून विकायला काढल्या. मला हे कळलं ते चहा देताना. मी कप असा आपटला की बशी फुटली.

"आनी मी? सात वर्सां हयसर माशये मारूक बसलेलंय?"

अब्बा बशीचे तुकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक गाडी घे आनी एक गाडी ईक. माका एक शब्द इचारू नको. एकतीस मेच्या आत पन्नास हजार सुटले तर आवार तुझां. नाय सुटले तर अतहरचां गिऱ्हाईक."

त्या दिवशी चौदा मे होती. मला इतका आनंद झाला की मी फुटलेल्या बशीबद्दल माफी मागायलाही विसरले.

दोन दिवसांत खबर लागली. मसुऱ्याच्या चंदनला गोव्यात नोकरी लागली होती आणि त्याची पाच वर्षांची पिकअप घाईने विकायची होती. घरची काजू-आंब्याची बाग, वडील दाजी गावात मान असलेले, म्हणजे गाडी आंब्याची. मी सकाळच्या एसटीने निघाले ती अकराला त्यांच्या घरापुढच्या खळ्यात हजर. गाडी बघितली आणि मी दोनदा तिच्याभोवती फिरले. पांढरीशुभ्र, टायर बरे, इंजिन पहिल्या चावीला सुरू. कोल्हापूरचे व्यापारी माने अशा गाडीला चार लाख नव्वद हजार डोळे झाकून देतात.

मी फाळका उघडला. चंदन बघतच होता. बिजागरीत बोट घातलं, चाटलं. खारट.

"खारट लागता रे," मी म्हटलं.

"खारट लागतलाच," चंदन हसत म्हणाला. "आगळाचे कॅन सांडले गेल्या हप्त्यात. संचितान वीस लिटर आगळ केल्यान, अर्दां गाडयेन प्यालां."

संचिता म्हणजे त्याची बायको. मी पुन्हा बोट घातलं, पुन्हा चाटलं. खारट तर होतंच, पण मागून जिभेला आंबटही लागलं. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, त्यात मीठ आलंच. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. दुसरा कुणी खारट लागल्याबरोबर पळाला असता, मी चव ओळखली! अब्बा इथे असते तर, असंही मनात आलं. तासभर घासाघीस करून चार वीसला सौदा ठरला. माझी सात वर्षांची साठवण आणि अब्बांनी दिलेली रक्कम, सगळी फोनवरून चंदनच्या खात्यात गेली. मी चावीसाठी हात पुढे केला.

"थांब गो बाय," आतून दाजी आले. "अशी कशी नेतंस? गाऱ्हाणां घालूक नको?"

गाऱ्हाण्याशिवाय, म्हणजे देवाला सगळं मोठ्याने सांगून राखण मागितल्याशिवाय, आमच्याकडे काही हलत नाही, आणि त्यात हिंदू-मुसलमान असं काही नसतं. मी डोक्यावरून ओढणी घेतली आणि उभी राहिले. शेजारचे लवू आणि बाबली हातातलं काम टाकून आले. दाजींनी गाडीसमोर नारळ धरला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"आज ही गाडी आमी फोंड्याच्या सिराजभाईच्या चेडवाच्या हातात देतंव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तीन वर्सां हिणां आमचे आंबे व्हायले, काजी व्हायले, घरात चार पैशे इले, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी दोन हंगाम चंदनान मालवणच्या बंदरारसून बांगडे व्हायले, सुरमय व्हायली, गाडयेक खारां पाणी लागलां, तां चुकलांमाकलां पोटात घाल, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. तोंडाने होकार देऊन झाला आणि मग कानांना कळलं. तोवर दाजी "हिच्यार बसात तेची राखण कर" इथवर पोचले होते. गाऱ्हाणं मध्ये तोडता येत नाही. मी दात-ओठ खात उरलेले दोन होकार दिले, नारळ फुटला आणि मगच चंदनकडे वळले. तो स्वतःच्या चपला बघत होता.

"आगळ काय रे? सुरमयेचां आगळ?"

दाजी गोंधळले. "म्हणजे? तुका म्हायती नाय? चंदन म्हणालो, सगळां सांगलंय म्हणान!" मग त्यांच्या ध्यानात आलं आणि हातातलं नारळाचं भकल त्यांनी चंदनवर उगारलं. संचिता मध्ये आली म्हणून वाचला. तरी मागून पुटपुटलाच, "तीय व्हय म्हाराजा म्हणाली मगे."

त्याचा गळा धरावासा वाटला मला. पण खरं होतं ते. सगळ्यांच्या देखत, देवासमोर, मोठ्याने.

"पैशे घे आनी गाडी हयच ठेव," दाजी म्हणाले. "माझ्या घरात लबाडी नको."

मी खळ्यात उभी राहून विचार केला. सोळा मे. दुसरी गाडी हाताशी नाही, हंगाम संपत आलेला, चांगल्या गाड्या केव्हाच गेलेल्या. पैसे परत घेऊन गेले, तर घरी जाऊन काय सांगणार? बघूक गेलंय आणि हात हलवत इलंय? "नको," मी म्हटलं. "व्हय म्हटलंय तां म्हटलंय." दाजी आत गेले आणि काजूच्या पैशांतले पंधरा हजार आणून माझ्या हातावर ठेवले. ते घेताना मला त्यांचा फार मोठा आधार वाटला, पण चंदनकडे मी वळूनही बघितलं नाही.

येताना वाटेत डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं कमी आणि रागाचं जास्त होतं, चंदनवरच्या आणि त्याहून जास्त माझ्या शहाण्या जिभेवरच्या.

अब्बांनी गाडी आवारात शिरताना बघितली. काठी टेकत मागे गेले, फाळका उघडला, बोट घातलं, चाटलं. ते आगळाला फसले नाहीत, हे मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं. पण स्वतःच घातलेली अट त्यांनी पाळली. एक शब्द बोलले नाहीत. फाळका लावला आणि नमाजाला गेले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी मानेंना फोन लावला. गाडीचं वर्ष सांगितलं, किलोमीटर सांगितले. पलीकडून तोच शब्द आला, "मासळी?"

नाही म्हणायला काय लागतं? अख्खा किनारा म्हणतो. पण अब्बांनी या माणसाला चाळीस वर्षांत एक गाडी खोटी बोलून दिलेली नाही, आणि माझ्या पहिल्याच गाडीला मी ते नासवायचं? "हो," मी म्हटलं. "तीन चाळीस," माने म्हणाले आणि दुसऱ्या फोनवर बोलायला लागले.

पुढच्या आठवड्यात चार गिऱ्हाइकं येऊन गेली. एकाने वास घेतला, दोघांनी बिजागरी खरवडली, चौथा तर मी तोंड उघडायच्या आतच "मासळीची ना?" म्हणून नाकाला रुमाल लावून उभा राहिला. तो स्वतः वेंगुर्ल्याला मासळी वाहणारा! मला असा संताप आला. "तू काय गुलाब व्हावक गाडी बघतंस?" मी विचारलं. तो गेला निघून. मी मात्र तिथेच, गाडीच्या पायरीवर बसून राहिले. कारण बोलता बोलता मी काय बोलून गेले, ते माझं मलाच आत्ता ऐकू आलं होतं.

मासळीवाला गाडी घेतो आंब्याची. पैसे मोजतो आंब्याच्या गाडीचे. आणि आठवड्याभरात तिची मासळीची करतो! दीड-पावणेदोन लाख जातात ते त्या पहिल्या दोन हंगामांतच. त्यापुढे गाडीची किंमत फार पडत नाही, कारण पडायला उरतंच काय? म्हणजे मासळीवाल्याने घ्यायची तर मासळीचीच गाडी घ्यायला हवी. पण ती त्याला मिळणार कुठून? किनाऱ्यावर कुणी कबूलच करत नाही!

मी ताडकन उठले. हसू की ओरडू कळेना. बाजारात धावत जाऊन निळ्या रंगाचा डबा आणला आणि फाळक्यावर हातभर अक्षरांत लिहिलं: मासळीची गाडी.

अब्बा पडवीतून बघत होते. "ह्या काय लिवलंस गो?"

"तुमीच म्हणाललात, माका इचारू नको. मगे आता तुमीय इचारू नका."

सव्वीस मेला रंग वाळला तशी मी मिठबावला निघाले. वाटेत माणसं हसत होती. कणकवलीच्या नाक्यावर एका पोऱ्याने फोटो काढला. एका रिक्षावाल्याने गाडी शेजारी घेऊन विचारलं, "ताई, कोणी दुश्मनान लिवल्यान काय?" मी हॉर्न वाजवून पुढे गेले. इतकं मोकळं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. लपवायचं काही उरलंच नव्हतं ना!

मिठबावच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढायचं काम चाललं होतं. जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणून सगळे किनाऱ्यावरच. मी गाडी उलटी लावली, फाळका त्यांच्याकडे करून. क्षणभर सगळे वाचत राहिले आणि मग हशा पिकला. गर्दीतून शाहीद पुढे आला. त्याच्या दोन होड्या आहेत, अब्बांना तो तोंडओळखीने माहीत होता.

"सिराजचाचाची रहिमा ना गो तू? मासळीची गाडी घेवन बंदरार? हयसर सगळेच मासळीचे!"

"कोणाची?" मी विचारलं. "दाखवा माका. हयसर उभी आसत ते सगळे गाडये मासळीचे म्हणान कोण सांगतलो?"

हशा थांबला. दोघे-तिघे आपापल्या गाडीकडे बघायला लागले.

"शाहीदभाई, तुमी गेल्या टायमाक गाडी कितक्याक घेतलास?"

"पाचाक."

"आंब्याची म्हणान?"

"मगे? आंब्याचीच."

"आनी विकलास?"

शाहीदने मान खाजवली. "दोन हंगामांनी. तीन वीसाक. गेल्याच महिन्यात."

"एक लाख ऐंशी हजार गेले खंय?"

"समुद्रात," मागून कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला. पण या वेळी शाहीद हसला नाही. तो गाडीभोवती फिरायला लागला. मी त्याला काही शोधू दिलंच नाही. स्वतः गाडीखाली शिरले, ओढणीसकट, आणि स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून ठोकून एकेक जागा दाखवली. हा सांधा खाल्ला, ही पट्टी वेल्डिंग मागते, चासी मात्र शाबूत, ऐका आवाज. माझ्या तोंडावर गंज पडत होता आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

"हिका जां नासूचां तां नासलां," मी बाहेर येऊन म्हटलं. "आता ही आनी काय नासतली? सव्वाचार लाखाक घेवा. दोन हंगाम चालवा. नको झाली तर माझ्याकडे हाडा, चासी शाबूत आसली तर सव्वातीनाक परत घेतंय. हंगामाक पन्नास हजार पडले तुमका. भाड्यान तरी गाडी गावता काय पन्नास हजारात?"

अशी बोली त्या किनाऱ्यावर कुणी ऐकली नव्हती. मीही नव्हती ऐकली. ती तिथे, वाळूत उभी असतानाच माझ्या तोंडून निघाली. लोक एकमेकांत बोलायला लागले. कुणी बोटांवर हिशोब करत होता, कुणी म्हणत होता फसवता ही, कुणी म्हणत होता फसवणारी फाळक्यावर लिवन फिरता काय. शाहीदने डोळे बारीक केले.

"आज म्हणशीत. दोन वर्सांनी वळख तरी देशीत?"

"लिवन देतंय."

"तुझ्या नावार नको. सिराजचाचाच्या दुकानाच्या कागदार दे."

मी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं आणि बोनेटवर ठेवून लिहायला बसले. शाहीदने चौघांना वाचून दाखवलं, खिशातून फोन काढला आणि सौदा झाला. कागद माझ्या हातातून घेताना तो म्हणाला, "गो, एवढां खरां बोलणारी मिठबावाक पयल्यांदाच इली." बाकीचे पैसे दोन दिवसांत बँकेतून आले आणि आरसी बुकाचे कागद मी त्याच्या नावावर करायला टाकले.

अठ्ठावीसच्या दुपारी मी अब्बांपुढे बसले. आवारात आता एकही गाडी नव्हती आणि पत्र्याच्या शेडखाली तेलाचे डाग तेवढे दिसत होते.

"किती सुटले?" अब्बांनी विचारलं.

दाजींचे पंधरा हजार वजा जाता चार लाख पाच हजारांना पडलेली, सव्वाचार लाखाला गेलेली. "वीस. डिझेल आनी रंग काडून साडेसतरा."

"पन्नास म्हणाललंय."

"व्हय," मी म्हटलं. तीन दिवस मी हवेत होते. मिठबावच्या वाळूत पन्नासाची आठवणसुद्धा झाली नव्हती मला, आणि आता आकडा समोर बसून माझ्याकडे बघत होता. हरले होते मी. भांडायचंही मनात येईना.

"कागद दाखव."

मी पावतीपुस्तकातली खालची प्रत काढून दिली. अब्बांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"ह्या काय? दोन वर्सांनी सव्वातीनाक परत घेवची?"

"व्हय."

"सिराज मुकादमान?"

"शाहीदभाई म्हणालो, दुकानाच्या कागदार व्हया."

"आनी हयसर लॉज उभो रवल्यार," अब्बांनी चष्मा काढला, "गाडी खंय घेवन येतलो तो? कोणी घेवची ती?"

खरंच, अल्लाशप्पथ, मला हे सुचलंच नव्हतं. मी एवढी शहाणी असते तर चंदनच्या आगळाला फसले असते का? आता शिव्या, असं मला वाटलं.

अब्बांनी फोन उचलला आणि अतहरला लावला. "त्या गिऱ्हाईकाक नाय म्हणान सांग... नाय रे, ती शर्त हरली. चांगली साडेबत्तीस हजारांनी हरली. पण माझो कागद बाजारात गेलो आसा. कागद परत येयसर आवार हलूचां नाय." पलीकडून अतहर काहीतरी ओरडत होता. अब्बांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. ते हसत नव्हते, पण त्यांचे दोन्ही खांदे हलत होते.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. त्यांनी घेतला. "व्हय, सिराज बोलतंय. मिठबाव? शाहीदची गाडी बघितलास?... तशीच व्हयी? मासळीचीच?"

त्यांनी फोनवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळले. गाडी घ्यायची की विकायची, हे सात वर्षांत या माणसाने मला एकदाही विचारलं नव्हतं.

"रहिमा," ते म्हणाले, "काय सांगू गो तेंका?"

"आसा म्हणान सांगा," मी म्हटलं आणि चपला शोधायला उठले. आहे असं म्हटलं खरं, पण गाडी अजून कुठूनतरी आणायची होती.